फुरसतीचा वेळ : हवेंतली फुगडी

गेल्या अंकांत आम्हीं घरगुती छंदांविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकीं एका वर्गणीदार भगिनींचें पत्र आम्हीं मुद्दाम बाजूस काढून ठेविलें. त्या लिहितात कीं, "माझा मुलगा इंजिनियरिंगच्या कॉलेजांत आहे. रोज संध्याकाळीं रेडिओनें चालणारें एक हेलिकॉप्टर घेऊन तो माळावर जातो आणि तें एका जागीं गोल गोल फिरवितो. दोन वर्षें झालीं, अजून तो गिरकीच शिकतो आहे. आतां तर फिरतां फिरतां तें उलटें करण्याचा नाद लागला आहे. ह्यांत शिकण्यासारखें आहे तरी काय, आणि आईनें हें चालूं द्यावें कीं बंद पाडावें?" प्रश्न सरळ आहे. योगायोग असा कीं, हाच प्रश्न आमच्या स्वतःच्या घरांत गेलीं तीन वर्षें जेवणाच्या पंक्तीला वाढला जात आहे. तेव्हां पुस्तकी उत्तर न देतां घरचाच दाखला द्यावा, असें आम्हीं ठरविलें.

आमचे वडील बंधू अण्णा हे कुटुंबाचे कर्ते. घरचा जमाखर्च पस्तीस वर्षें त्यांच्याच हातचा. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांना हा छंद लागला. पहिलें यंत्र त्यानें शिष्यवृत्तीच्या पैशांतून आणिलें, तोंवर कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु पहिल्या वर्षांत तें यंत्र नऊ वेळां पडलें, आणि दर वेळीं लागणारीं नवीं पातीं, दांतेरी चाकें व सळ्या ह्यांचा खर्च घरावर आला. अण्णांनीं तो नाकारला नाहीं. मात्र वहींत त्याची नोंद "उधळपट्टी" ह्या सदराखालीं केली. तें सदर त्यापूर्वीं आमच्या वहींत नव्हतें.

आतां हें यंत्र आहे तरी काय तें पाहूं. हल्लीं लग्नसमारंभांत छायाचित्रें घेणारीं चार पंख्यांचीं जीं ड्रोन दिसतात, त्यांच्याशीं ह्याची गल्लत होऊं नये. तसल्या ड्रोनच्या दांड्यांवरचीं बोटें काढलीं तरी तें आपलें आपण हवेंत उभें राहतें. ह्या हेलिकॉप्टराला तेवढी सवड मान्य नाहीं. चालकाचें लक्ष एक क्षण ढळलें कीं तें एका अंगाला घसरूं लागतें. त्याच्या डोक्यावर दोन मोठीं पातीं आणि शेपटीला एक लहान पंखा. मोटर पातीं उजवीकडे फिरवूं लागली कीं यंत्राचें अंग डावीकडे फिरूं पाहतें. हा न्यूटनचा तिसरा नियम. शेपटीचा पंखा तें अंग रोखून धरतो. त्या पंख्याचा जोर हवा तसा कमीअधिक केला कीं यंत्र उभ्या आंसाभोंवतीं गरगर फिरतें. हीच गिरकी.

मोठ्या हेलिकॉप्टराचा इतिहासही शिकाऊ माणसाला धीर देणारा आहे. ईगॉर सिकोर्स्की ह्यांच्या व्ही-एस ३०० ह्या यंत्रानें १४ सप्टेंबर १९३९ रोजीं अमेरिकेंत प्रथम जमीन सोडली, तेव्हां तें दोरांनीं बांधलेलें होतें. आमच्या पुतण्याच्या यंत्रालाही पहिले दोन महिने पायांखालीं काठ्यांची फुली व टोकांना चेंडू बांधलेले होते, म्हणजे तें कलंडलें तरी पातीं जमिनीला लागूं नयेत. रेडिओनें नीट ताब्यांत राहणारीं लहान हेलिकॉप्टरें इ. स. १९७० च्या सुमारास जर्मनींतील डीटर श्ल्यूटर ह्यांनीं उडवून दाखविलीं. पुढें १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कर्टिस यंगब्लड प्रभृति चालकांनीं यंत्र उलटें, आडवें, मागल्या अंगानें असें सर्व दिशांनीं उडविण्याची तऱ्हा रूढ केली. तिला 'थ्री-डी' म्हणतात. ह्या विद्येच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही होतात. सांगण्याचें तात्पर्य, आपला मुलगा माळावर जें करतो तें कोणा एकट्याचें खूळ नव्हे.

ह्या शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे यंत्र एका जागीं अधांतरीं उभें ठेवणें. प्रथम शेपटी आपल्याकडे असावी. मग यंत्राचा उजवा हात आणि आपला उजवा हात एकाच बाजूला येतो. त्यानंतर यंत्राची कूस आपल्याकडे करावयाची, आणि शेवटीं तोंड. तोंड आपल्याकडे झालें कीं आरशांत पाहून केस विंचरण्यासारखी अवस्था होते. यंत्राचा उजवा तो आपला डावा. ह्या चार दिशा आणि त्यांच्या मधल्या चार, अशा आठही दिशांनीं यंत्र निश्चळ उभें करतां आल्यावांचून गिरकीला हात घालूं नये. कारण गिरकी म्हणजे ह्या आठ दिशा एकामागून एक, न थांबतां. ज्याची एक दिशा कच्ची राहिली त्याचें यंत्र नेमकें त्याच दिशेला वाहवत जातें. हा सारा सराव आधीं घरच्या संगणकावर करतां येतो. तेथें यंत्र शंभरदां पडलें तरी वहींत नोंद होत नाहीं.

दुसरी पायरी म्हणजे सावकाश गिरकी. एक फेरा आठ-दहा सेकंदांचा. पाहणाऱ्याला वाटतें कीं जलद फिरविणें कठीण आणि हळू फिरविणें सोपें. वस्तुस्थिति उलट आहे, कारण सावकाश गिरकींत चुकीला वाव फार. समजा, वारा उत्तरेकडून येत आहे. यंत्र जागीं राहावयाचें तर त्यानें सतत उत्तरेकडे किंचित् झुकलें पाहिजे. यंत्राचें तोंड उत्तरेस असतांना दांडी पुढें ढकलावी लागते. तेंच यंत्र उजवीकडे वळून पूर्वाभिमुख झालें कीं उत्तर त्याच्या डाव्या हाताला येते, म्हणून दांडी डावीकडे. दक्षिणाभिमुख झालें कीं दांडी मागें, आणि पश्चिमाभिमुख झालें कीं उजवीकडे. म्हणजे यंत्राचा फेरा उजवा, तर अंगठ्याचा फेरा डावा, आणि दोहोंची गति एकच. बाहेरचें सारें फिरत असतां एका दिशेचें अनुसंधान सोडावयाचें नाहीं, एवढाच ह्या विद्येचा गाभा आहे.

हें समजणें एक आणि अंगठ्याला वळण लागणें दुसरें. आमचा पुतण्या चार महिने येथेंच अडला. यंत्राचें तोंड कोठें आहे आणि शेपटी कोठें, हें पाहतां पाहतां त्याचेच डोळे फिरत. एकदां त्यानें ही अडचण जेवतांना बोलून दाखविली. आमच्या मातोश्रींचें वय आज ८६ आहे. त्या म्हणाल्या, "अरे, मंगळागौरीला आम्ही फुगडी घालीत असूं. तेव्हां समोरच्या मुलीच्या डोळ्यांकडे पाहावें. भिंतीकडे पाहिलेंस कीं भोंवळ येऊन पडलासच म्हणून समज." सगळे हंसले, पण पुतण्या हंसला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून त्यानें तोंड-शेपटीकडे पाहणें सोडलें आणि वरच्या फिरत्या पात्यांची जी पारदर्शक तबकडी दिसते, तिच्यावर दृष्टि ठेविली. अंग कितीही फिरो, ती तबकडी कोणीकडे कलली आहे एवढेंच पाहावयाचें. जाणते चालकही शिकाऊ मुलांना हेंच सांगतात. त्यांनीं तें अनुभवानें शोधिलें. आमच्या आईला तें मंगळागौरीनें शिकविलें होतें.

हल्लींच्या यंत्रांत तोल सांभाळण्यासाठीं एक लहानशी विद्युत्-पेटी असते. यंत्र कोणीकडे ढळलें ह्याची ती क्षणोक्षणीं नोंद घेते आणि दुरुस्ती साठवून ठेविते. परंतु यंत्र गिरकी घेत असतां ती साठविलेली दुरुस्तीही उलट दिशेनें फिरवीत न्यावी लागते. पेटींतील ही मांडणी उलटी झाली तर यंत्र गिरकींत दमलेल्या भोंवऱ्यासारखें डुलूं लागतें, आणि मुलगा बिचारा स्वतःच्या अंगठ्याला दोष देत बसतो. हें घरीं तपासतां येतें. मोटरच्या तारा सोडवून, पेटी ही मांडणी दाखवील अशी करून, यंत्र हातांत घेऊन सावकाश फिरवावें. पात्यांच्या खालची तिरपी तबकडी खोलींतील एकाच दिशेकडे झुकलेली राहिली तर मांडणी बरोबर. आमच्या घरीं ही परीक्षा स्वयंपाकघराच्या ओट्यापाशीं झाली. यंत्र पूर्ण फिरलें तरी तबकडी आपली देव्हाऱ्याकडेच कललेली, हें पाहून वहिनी म्हणाल्या, "ह्या निर्जीवाला कळतें तें तुला कळत नाहीं होय रे?"

तिसरी पायरी उलटें उडण्याची. ह्या यंत्राच्या पात्यांचा कल बदलतां येतो. एरवीं तीं हवा खालीं लोटतात. कल उलटा केला कीं यंत्राच्या माथ्याकडे लोटतात, आणि म्हणून यंत्र पालथें होऊनही हवेंत तरंगतें. मात्र पालथ्या यंत्राचे हुकूम विचित्र. शेपटी आपल्याकडे ठेवून कूस बदलीत तें उलटें केलें, तर डावा-उजवा झोंक पूर्वीसारखाच राहतो. पण पुढें-मागें, वर-खालीं आणि गिरकी हीं तिन्ही उलट होतात. अर्धें जग जुनें आणि अर्धें नवें, अशी ती स्थिति.

आणि ह्या सर्वांच्या शेवटीं तें प्रकरण, ज्याच्यासाठीं आमचा पुतण्या आठ महिने झगडत होता : गिरकी घेतां घेतां कोलांटी. इंग्रजी चालक त्याला 'पायरोफ्लिप' म्हणतात. यंत्र स्वतःभोंवतीं फिरत आहे, आणि त्याच वेळीं सबंध उलटें होऊन पुन्हां सुलटें होत आहे. पाहणाऱ्याला वाटतें, कोणी वाऱ्यावर पान फेकिलें. वस्तुतः त्यांत दोन ताल आहेत. उजव्या अंगठ्यानें दांडी एकसारखी वर्तुळांत घोळावयाची. गिरकीचा एक फेरा तर दांडीचा एक फेरा, आणि तोही गिरकीच्या उलट. डाव्या हातानें पात्यांचा कल सांभाळावयाचा. यंत्र सुलटें असतां वर, आडवें होतांच शून्य, पालथें असतां खालीं, पुन्हां आडवें होतांच शून्य. आडव्या क्षणीं शून्य साधलें नाहीं तर यंत्र भलत्याच बाजूला फेकलें जातें. गिरकी दांडीपेक्षां जलद झाली कीं कोलांटीचा आंस भरकटतो. आणि मौज अशी कीं, यंत्र पालथें झालें म्हणजे पाहणाऱ्याला गिरकी उलट फिरल्यासारखी दिसते, पण अंगठ्याचा फेरा मुळींच बदलावयाचा नसतो. जो डोळ्यांना फसून फेरा बदलतो, त्याचें यंत्र जमिनीवर येतें. म्हणून शहाणे शिकाऊ ही कसरत तुकड्यांनीं शिकतात. अर्धी कोलांटी अर्ध्या गिरकीसह, मग थांबून श्वास. मग उरलेली अर्धी. आणि हें सर्व उंचावर, म्हणजे चूक सावरण्यास हवा शिल्लक राहते.

आतां धोक्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. पुतण्याच्या यंत्राचें वजन एक किलोहून कमी. पात्याची लांबी ३२५ मिलिमीटर, दोन्ही पात्यांनीं काढलेल्या वर्तुळाचा व्यास सुमारें ७१ सेंटिमीटर, आणि फेरे मिनिटाला २,८००. त्रैराशिक मांडून पाहिलें तर पात्याच्या टोकाचा वेग ताशीं सुमारें ३७५ किलोमीटर येतो. मोठ्या यंत्रांचा तर ६०० च्या घरांत जातो. इ. स. २०१३ मध्यें न्यूयॉर्क शहरांतील एका उद्यानांत १९ वर्षांचा एक तरबेज तरुण स्वतःच्याच यंत्राच्या पात्यानें मृत्यु पावला. म्हणून आमच्या घरचा नियम असा होता कीं, पुतण्यानें एकट्यानें उडवूं नये. सोबत मोठ्या माणसानें जावें, आणि त्या माणसानें यंत्राकडे न पाहतां केवळ माणसांकडे पाहावें. हें राखणीचें काम आमच्याकडे होतें.

गेल्या माघांतील एका रविवारीं अण्णा प्रथमच माळावर आले. मुलाची कोलांटी आतां साधत आली आहे, असें आम्हींच त्यांच्या कानावर घातलें होतें. सोबत त्यांची चार वर्षांची नात होती. यंत्र वर गेलें, दोन मजल्यांच्या उंचीवर गिरकी सुरू झाली, आणि पहिली अर्धी कोलांटी इतकी स्वच्छ उतरली कीं आमची मान वर गेली ती वरच राहिली. अण्णाही वर पाहत होते. त्यांच्या हातांतून नातीचा हात केव्हां सुटला, हें त्यांना कळलें नाहीं; आणि कळावयाचें काम ज्याचें, तो राखणदार तमाशा पाहत होता.

दोष सर्वस्वीं आमचा होता, हें येथें लिहून ठेवितों.

मूल धांवत पुढें गेलें. आम्ही ओरडलों तेव्हां फार उशीर झाला होता. परंतु त्याच्या आधींच मोटरचा आवाज बंद पडलेला होता. पुतण्याच्या ट्रान्समीटरवर एक कळ आहे, ती मोटर तत्क्षणीं बंद करते. त्यानें ती ओढली, पालथ्या यंत्राला पलीकडच्या ढेंकळांकडे झोंक दिला आणि तें तसेंच पडूं दिलें. सावरण्याचा प्रयत्न त्यानें केला नाहीं. सावरतांना यंत्र अलीकडे येण्याचा संभव होता. मूल जेथें थांबलें तेथून यंत्र वीस पावलांवर आदळलें. दोन्ही पातीं तुटलीं, मुख्य दांडा वांकला, शेपटीची नळी मधोमध मोडली. पोर रडूं लागली, ती यंत्र मोडलें म्हणून.

परततांना आम्हीं पुतण्याला विचारलें, "तुझी नजर तर वर होती. ती तुला दिसली कशी?" तो म्हणाला, "काका, आठ महिन्यांपूर्वीं दिसली नसती. तेव्हां अंगठा कोठें आहे हेंच शोधण्यांत सगळें डोकें गुंतलेलें असायचें. आतां अंगठा आपला आपण फिरतो, म्हणून डोळ्यांच्या कडेला काय हललें तें कळलें." आणि जरा थांबून तो म्हणाला, "कळ ओढण्याचाही मीं रोज सराव करतों. उडविण्याआधीं दहा वेळां, यंत्र जमिनीवर असतांना."

आमच्या भगिनींना आमचें उत्तर ह्या वाक्यांत आहे. एकाच गिरकीची दोन वर्षें आवृत्ति करणारा मुलगा वेळ दवडीत आहे असें आपल्याला वाटतें, कारण आपल्याला फक्त गिरकी दिसते. वास्तविक त्या आवृत्तीनें हाताचें काम हाताला सोंपविलें जातें, आणि मन मोकळें होतें. मोकळ्या झालेल्या मनानें माणूस काय पाहतो, हा खरा प्रश्न आहे. कौतुक पाहणारा पाहील. पण ज्याला बंद करण्याची कळही तितक्याच निष्ठेनें शिकविली आहे, तो जोखीम आधीं पाहील. तेव्हां छंद बंद पाडूं नये; मुलाला एवढें विचारावें कीं, गिरकीचा सराव रोज करतोस, तसा थांबण्याचा करतोस काय? उत्तर नाहीं असें आलें, तर मात्र त्या दिवशीं यंत्र कपाटांत राहूं द्यावें.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. उडविण्याच्या जागेभोंवतीं दोरी बांधावी, आणि दोरीच्या आंत चालकाशिवाय कोणीही जाऊं नये. राखणदार निराळा असावा आणि त्यानें आमच्यासारखें वर पाहूं नये. यंत्राची बॅटरी भरतांना तिला एकटी सोडूं नये; ती भडकूं शकते. आपल्या सरकारनें इ. स. २०२१ च्या ड्रोन-नियमांत २५० ग्रॅमहून अधिक व २ किलोपर्यंतच्या यंत्रांचा निराळा वर्ग केला आणि धंद्याशिवाय तीं उडविणाऱ्याला चालक-परवान्यांतून सूट दिली. पण विमानतळाच्या आसपासचे व इतर निषिद्ध प्रदेश सर्वांनाच लागू आहेत. जागा निवडण्यापूर्वीं चालूं नियम व नकाशा पाहणें हें पालकांचें काम समजावें.

यंत्र दुरुस्त होण्यास सात आठवडे लागले. चैत्रांत पुतण्यानें कोलांटी पुरी केली. एक नव्हे, लागोपाठ तीन. नात दोरीबाहेर आजोबांच्या खांद्यावर बसली होती, आणि तिचे दोन्ही पाय अण्णांनीं घट्ट धरले होते. आम्हीं त्या तीन कोलांट्यांपैकीं एकही पाहिली नाहीं. आम्ही माळाकडे पाहत होतों.

वर्षाखेरीस वही चाळतांना आम्हांला दुरुस्तीच्या खर्चाची नोंद सांपडली. पातीं, मुख्य दांडा, शेपटीची नळी, सर्व अण्णांच्या वळणदार अक्षरांत. वरचें "उधळपट्टी" हें सदर त्यांनीं खोडलें नव्हतें, कारण लिहिलेलें खोडणें हें त्यांच्या शिस्तींत बसत नाहीं. मात्र ही नोंद त्याखालीं नव्हती. ती दोन पानें अलीकडे, "शिक्षण" ह्या सदराखालीं, नातीच्या बालवाडीच्या फीच्या लगतच्या ओळींत होती.